दांडीवरचा डावा हात

तवनाप्पा मगदुमांच्या दुकानात गिऱ्हाइकासाठी एक बाकडं होतं, पण मांडीवर बंदूक घेऊन त्यावर बसायला मनाई होती. बंदूक म्हणजे छऱ्याची. तिच्यात दारू नसते. आतली जाड स्प्रिंग दाबून ठेवायची, घोडा ओढला की ती सुटते आणि तिनं ढकललेली हवा शिशाचा छरा बाहेर फेकते. बहुतेक लोक तिला खेळणं समजतात. तवनाप्पा समजत नसत.

"मांडीवर मूल घ्या, न्हाईतर मांजर घ्या," ते म्हणत. "हिला भिंतीला लावा. दाबलेली स्प्रिंग झोपत न्हाई."

माझा त्यांच्याशी संबंध बंदुकीमुळं आला नाही. मी वजनमापे खात्यातला निरीक्षक. बासष्ट साली साताऱ्याहून सांगलीला बदलून आलो तेव्हा शेर आणि मण जाऊन किलो आले होते, आणि हळदीच्या पेठेत त्यावरून रोज भांडणं होत होती. तवनाप्पा काटे-तराजू दुरुस्त करणारे परवानाधारक कारागीर. त्यांच्या हातून गेलेला काटा माझ्याकडे शिक्क्याला येई. पहिल्याच महिन्यात त्यांचा एक काटा मी परत पाठवला, दांडी एका बाजूला झुकत होती म्हणून. दुसऱ्या दिवशी तो खांद्यावर घेऊन ते स्वतः कचेरीत आले. नमस्कार नाही, काही नाही.

"साहेब, तुमचं टेबल वाकडं हाय."

मी म्हटलं, बघा. त्यांनी शिपायाकडून परात मागवली, त्यात पाणी ओतलं, टेबलावर ठेवली आणि चारी बाजूंनी डोळा लावून पाहिलं. टेबल सरळ होतं. त्यांनी पाणी खिडकीतून फेकलं, काटा पुन्हा खांद्यावर घेतला आणि एक अक्षर न बोलता निघून गेले. दोन दिवसांनी काटा आला तो बिनचूक. झालेल्या चुकीबद्दल ते ना तेव्हा बोलले, ना नंतर. चूक हातानं दुरुस्त करायची, तोंडानं नाही, असा त्यांचा स्वभाव. पुढं जे झालं ते समजायला हा स्वभाव आधी सांगायला हवा.

उंच, वाळलेला माणूस. डोक्यावर पांढरी टोपी, आणि टोपीच्या पुढच्या घडीवर तेलाचा एकच डाग, अंगठ्याएवढा. विचार करताना ते तिथंच बोट लावत. कुणाला चहा विचारत नसत. दुसऱ्या कारागिराबद्दल त्यांच्या तोंडून मी चांगला शब्द ऐकला नाही. घराणं जैन, सूर्यास्ताआधी जेवणारं. दिवस कलला की समोर कोण उभा आहे हे न बघता ते फळ्या लावत. एकदा बाजार समितीतल्या एका बड्या असामीला त्यांनी अर्ध्या बोलण्यात बाहेर काढलं. "आवं, सूर्य काय तुमच्यासाठी थांबतोय व्हय?"

असा माणूस बंदुका दुरुस्त करी, याचं लोकांना नवल वाटे. महायुद्धाच्या काळात ते पुण्याकडे लष्कराच्या कारखान्यात होते. तिथं हत्यारं खोलायला शिकले, परत आल्यावर तेच हाताला लागलं. मात्र बंदूक आणणाऱ्या प्रत्येकाला ते विचारत, "कशाला पाहिजे?" उत्तर ठरलेलं असे. फुगे फोडायला. पोरांना नेम शिकवायला. गिऱ्हाईक गेलं की ते माझ्याकडे बघत. "सांगली जिल्ह्यात एवढे फुगे हायत तरी कुठं, साहेब?"

आष्ट्याचे दादासाहेब त्यांच्याकडे आले त्या दिवशी मी दुकानात होतो. दादासाहेबांची पेरूची मोठी बाग. सोबत बागेचा राखणदार सदाशिव, तिशीतला, अंगानं सडपातळ. पोत्यात गुंडाळलेली बंदूक त्यानंच वाहून आणली होती. ती त्यानं फळीवर ठेवली आणि तो खाली पायरीशी जाऊन उभा राहिला. गावाकडं त्याला उंबऱ्याबाहेर उभं राहायची सवय लावलेली होती. छप्पन्न सालानंतर त्याच्या घरानं बौद्ध धर्म घेतला, नावापुढचं बरंच काही बदललं, पण दादासाहेबांबरोबर असला की त्याची जागा पायरीखालीच असे. त्याला वर ये म्हणून कुणी म्हटलं नाही. दादासाहेबांनी नाही, तवनाप्पांनी नाही.

"अस्सल विलायती हाय," दादासाहेब म्हणाले. "आमच्या वडलांनी गोऱ्या साहेबाकडनं घेतलेली. पण आता छरा धा हातांवर पडतोय बगा."

बंदूक मलाही वेगळी दिसली. एरवीच्या छऱ्याच्या बंदुकीची नळीच मधे मोडतात. हिची नळी जागची हलत नव्हती. एका अंगाला लोखंडी दांडी होती. ती मागं ओढली की नळीमागचं पोलादी नळकांडं मागं सरके, आतली स्प्रिंग दबे, आणि नळी व नळकांडं यांच्यामधे बोटभर फट उघडे. त्या फटीतून बोटांनी छरा नळीत बसवायचा, मग दांडी जागेवर आणायची. तोवर ती दबलेली स्प्रिंग एका लहानशा खटक्यावर अडकून असते.

कारखान्याचं नाव कुणीतरी कानशीनं घासून काढलं होतं. तवनाप्पांनी मागच्या लाकडी दस्त्याचा एक पेच काढला आणि दोन डब्यांतून दोन नवे पेच घेतले. एक इंची मापाचा, दुसरा मिलिमीटरचा. इंची पेच जेमतेम एक आटा फिरला आणि अडला. दुसरा गोडीनं शेवटपर्यंत गेला.

"इंग्रजाचा पेच हिला चालत न्हाई. जर्मन हाय. लढाईच्या आधीची."

"म्हंजे त्या साहेबानं आमच्या वडलांना फसवलं?"

"ते मला काय ठावं?" तवनाप्पांनी दस्त्यावर नख फिरवलं. "दस्ता नंतरचा हाय. मिरजेच्या सतारवाल्या सुताराचा हात दिसतोय. घोड्याभोवतीचं पितळ कुठल्यातरी घंगाळाचं. ही बंदूक न्हवं दादासाहेब, बारा गावचं वऱ्हाड हाय."

दादासाहेब हसले. पायरीखाली सदाशिवही हसला.

मग तपासणी झाली. विडीच्या बंडलाचा पातळ कागद फाडून तवनाप्पांनी सांध्याजवळ धरला आणि घोडा ओढला. कागद उडाला. म्हणजे हवा नळीत न जाता बाहेर निसटत होती. खोलून पाहिलं तर चामड्याचा वायसर पापडासारखा वाळलेला, स्प्रिंग वाकलेली. शेवटी त्यांनी खटका भिंगाखाली धरला. तो ते बराच वेळ बघत राहिले, बोट टोपीवरच्या डागाला. काही बोलले मात्र नाहीत.

"कशाला पाहिजे?"

"पोरांना नेम शिकवायला," दादासाहेब म्हणाले. पेरूच्या हंगामाला फार दिवस नव्हते.

बंदूक न्यायला दोघं पुन्हा आले तेव्हा तवनाप्पांनी दादासाहेबांकडून एक वाक्य म्हणवून घेतलं. ते प्रत्येकाकडून म्हणवून घेत. "डावा हात दांडीला, मग उजवा बंदुकीत." छरा बसवताना दुसऱ्या हातानं दांडी घट्ट धरायची, म्हणजे खटका सुटलाच तर नळकांडं पुढं आपटत नाही, बोट वाचतं.

"आवं, मी काय शाळेत हाय काय?" दादासाहेब म्हणाले, पण म्हटलं. ज्याच्या हातात ती बंदूक राहायची होती तो पायरीखाली उभा होता, आणि रस्त्यानं बैलगाड्या खडखडत चालल्या होत्या.

बंदूक देण्याआधी जोर बघण्याची त्यांची पद्धत होती. कपडे धुण्याच्या साबणाच्या वडीत छरा मारायचा आणि भोकात सुई घालून खोली बघायची. दादासाहेब गेल्यावर मी ती वडी हातात घेतली. शेजारीच आदल्या दिवशीच्या एका बंदुकीचं भोक होतं, तालमीतल्या नेमबाजांच्या. सुई त्यात जेवढी जात होती त्याच्या निम्मीही या भोकात जात नव्हती. मापं तपासण्यात माझा जन्म गेला. मी विचारलं.

तवनाप्पांनी लपवलं नाही. कामाच्या फळीवर खिळ्याला एक तार टांगलेली होती आणि तिच्यात स्प्रिंगचे कापलेले तुकडे ओवलेले होते. मी ते भंगार समजत होतो. त्यांनी त्यात एक नवा, चकचकीत तुकडा घातला.

"ज्याला पाखरं मारायची असत्यात, त्याच्या स्प्रिंगचे दोन वेढे मी कमी करतो. फुगा फुटतो. पाखरू उडून जातं."

लष्करातून आल्यावर त्यांनी पहिली बंदूक दुरुस्त केली ती एका सोनाराची. त्यानं ती दुकानाच्या दारातच तपासली, समोरच्या तारेवर बसलेल्या होल्यावर. होला पडला तो बस्तीतून दर्शन घेऊन परतणाऱ्या तवनाप्पांच्या आईच्या पुढ्यात. आईनं महिनाभर मुलाच्या हातचं पाणी घेतलं नाही. तेव्हापासून ही तार.

"पण गिऱ्हाईक पुऱ्या जोराचं काम मागतं," मी म्हटलं. "हे माप खोटं झालं."

"तुमी किलोत घट धरता, ते तुमचं काम. तारेवर बगा. ह्येतल्या एकेका तुकड्यानं किती पाखरं वाचली असतील, धरा की हिशेब."

तो हिशेब मला येत नव्हता.

पेरूचा हंगाम निम्मा झाला असेल. एका आठवडी बाजाराला मी आष्ट्याला तपासणीसाठी निघालो होतो. एस. टी. स्टँडवर तवनाप्पा हत्यारांची पिशवी घेऊन उभे होते. दादासाहेबांचं बोलावणं आलं होतं. पेरूवर राघूंचे थवे, आणि ही बंदूक त्यांना नुसती भिववायची. वैतागून दादासाहेबांनी ती कराडच्या एका मिस्त्रीकडे नेली. त्यानं जाड, नवी स्प्रिंग घातली. दोन दिवसांनी छरा बसवताना खटका सुटला. नळकांडं पुढं आलं ते सदाशिवच्या उजव्या हातावर. अंगठा पेरापासून गेला, शेजारच्या बोटाचं टोक गेलं.

"त्या कराडच्याला बी बोलावलंय," तवनाप्पा म्हणाले. "चार लोकांसमोर मी बंदूक खोलून त्याची चूक दावायची, असं दादासाहेबांचं म्हणणं हाय. तुमी चला साहेब. कुणीतरी बगणारा पाहिजे."

दादासाहेबांच्या खळ्यात घोंगडं अंथरलं होतं. कराडचा मिस्त्री अगदी तरुण होता, आणि घाबरलेला. त्याच्यामागं दादासाहेबांचे दोन गडी उभे होते, ते काय करायला उभे आहेत हे त्यालाही कळत होतं. सदाशिव एका बाजूला जमिनीवर बसला होता. हाताला फडकं, फडक्यावर माशी बसली की दुसऱ्या हातानं उडवत होता.

तवनाप्पांनी बंदूक खोलली. नवी स्प्रिंग काढून ठेवली. भिंगाखाली खटका धरला, आणि मी पाहिलं, या वेळी त्यांनी टोपीला हात लावला नाही.

"सांगा तवनाप्पा," दादासाहेब म्हणाले. "ह्यानं काय माती खाल्ली ती सांगा समद्यांना."

त्यांनी मान हलवली असती तरी भागलं असतं. आम्ही दोघं सोडून तिथं कुणाला काही ठाऊक नव्हतं. मी त्यांना पुरता ओळखत होतो. माझी खात्री होती की ते हत्यारं आवरतील, एक अक्षर न बोलता सांगलीला जातील आणि नवा खटका करून पाठवतील.

"स्प्रिंग बरोबर घातलीया ह्यानं," तवनाप्पा म्हणाले. "हिला जेवढी पाहिजे तेवढीच. खटका घासलेला हाय. बंदूक माझ्याकडं आली तवाच त्यो घासलेला व्हता. मी बघितला, आन तसाच ठेवला. मी स्प्रिंगचे वेढे कापले व्हते. कमी जोराला तेवढा खटका धरतो, म्हणून ठेवला. पुऱ्या जोराला न्हाई धरत."

मग दादासाहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमटलं. मला वाटलं, सदाशिवच्या हाताचं असेल.

"म्हंजे जोर तुमी मारला? पैसे घिऊन? माझा निम्मा माल राघूंनी खाल्ला, त्यो तुमच्यामुळं?"

"व्हय."

"मग निसतं सांगायचं की, देत न्हाई म्हणून! दुसरीकडं गेलो असतो."

"सांगायला पायजे व्हतं," तवनाप्पा म्हणाले. ते सदाशिवकडे वळले. "तुला दांडी धरायला कुणी शिकवलं न्हाई?"

सदाशिवनं आधी दादासाहेबांकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"न्हाई अण्णा. आन सवय बी न्हाई लागली. तुमच्याकडनं आली तवा लय मऊ व्हती. दांडी निसती करंगळीनं यायची. धरायचं ध्यानातच न्हाई आलं." थोडं थांबून तो हसल्यासारखा झाला. "साळंत चार यत्ता शिकलो. पगाराला सही करायचो, गड्यांत मी एकटाच. आता सही बी न्हाई, आन अंगठा लावायला अंगठा बी न्हाई. दादासाहेब, मला पगार कसा देणार तुमी?"

पुढच्या महिन्यात दादासाहेबांनी दुसरा राखणदार ठेवला, हे उत्तर मला नंतर कळलं.

परतीच्या गाडीत तवनाप्पा खिडकीशी बसले होते. माझ्याकडे डब्यात भाकरी होती. दिवस अजून वर होता. मी डबा पुढं केला, त्यांनी नुसता हात आडवा धरला.

यानंतर त्यांनी तार खिळ्यावरून काढली. तुकडा बघून कोणाची बंदूक ते त्यांना आठवे. कुणाची स्प्रिंग जाड, कुणाची डावीकडं वळलेली. कमी जोराच्या बंदुकीला कुणी ना कुणी एक दिवस पुरी स्प्रिंग घालणारच, हे त्यांना आता कळलं होतं, आणि आत घासलेले खटके तसेच होते. दुकान बंद ठेवून ते गावोगाव फिरू लागले. नवा खटका करून देतो, पैसा नको, एवढंच त्यांचं म्हणणं. पण आष्ट्याची गोष्ट त्यांच्या आधीच गावात पोचलेली असे. काहींनी बंदुका दिल्या. बहुतेकांनी दिल्या नाहीत. तासगावकडच्या एकानं तर दारातूनच विचारलं, "आता काय कापायचं ऱ्हायलंय, तवनाप्पा?" खोटं करत होते तोवर लोक विश्वासानं बंदुका आणून देत होते. खरं सांगितल्यावर कुणी हातात द्यायला तयार नव्हतं. यात न्याय काय तो मला आजही मांडता येत नाही.

सदाशिवला त्यांनी दुकानात काम देऊ केलं होतं. तो आला, या वेळी पायरी चढून आत आला, भिंतीला लावलेल्या बंदुका पाहिल्या आणि म्हणाला, "ह्यांच्यासंगं दिवसभर बसू व्हय अण्णा?" मग बायकोच्या माहेरी निघून गेला.

सर्वांत जास्त घोर त्यांना एका बंदुकीचा होता. तीही बाजूच्या दांडीचीच, शिरवळच्या एका माणसाची. ते तिथवर गेले तेव्हा कळलं की त्यानं ती जत्रेत फुग्यांचं दुकान लावणाऱ्या कुणाला तरी विकली. कोण, कुठला, त्याला माहीत नव्हतं. जत्रेतल्या बंदुकीत दिवसभर छरे भरले जातात, आणि भरणारी बोटं कधी त्या माणसाची असतात, कधी त्याच्या बायकोची, कधी फुगे फोडायला आलेल्या कुणाचीही.

सहासष्टला माझी बदली पुन्हा साताऱ्याला झाली. पुढच्या वर्षी तिथून जवळच्या एका गावच्या जत्रेत मी मिठाईवाल्यांची वजनं तपासत होतो. काम संपत आलं होतं. फुग्यांच्या दुकानासमोर चारपाच जण हसत उभे होते म्हणून तिकडं पाहिलं. मधे तवनाप्पा. टोपी तीच, डाग तोच, माणूस मात्र निम्मा झालेला. ज्या माणसानं साबणाच्या वडीखेरीज कशावर बंदूक रोखली नाही, तो पैसे देऊन छरे मागत होता. बंदूक बाजूच्या दांडीची नव्हती, तरी घेऊन तिची नळी मोडायचे, डाव्या हातानं नळी घट्ट धरायचे, उजव्यानं छरा बसवायचे, कान लावून ऐकायचे, आणि मग फळीच्या कोपऱ्यात, फुगे सोडून, बार काढायचे.

"आजोबा, फुगे हिकडं हायत!" दुकानदार ओरडला. लोक पुन्हा हसले.

तवनाप्पांनी बंदूक परत ठेवली. "ही बरी हाय," ते म्हणाले. "पर भरताना धरत जा."

मी पुढं झालो. त्यांनी मला ओळखलं. घरचं कुशल मी विचारलं, त्यांनी सांगितलं, सगळं थोडक्यात. जत्रांच्या तारखा त्यांना पाठ झाल्या होत्या, म्हणाले. दिवस टेकडीला टेकत होता. माझी खोली जवळ होती, घरून दशम्या आल्या होत्या. मी म्हटलं, चला, आत्ता निघालो तर उजेड आहे तोवर जेवण होईल तुमचं.

त्यांनी मावळतीकडे पाहिलं. मग जत्रेच्या दुसऱ्या टोकाला, जिथं रंगीत फुग्यांची आणखी एक फळी दिसत होती.

"अजून एक दुकान ऱ्हायलंय," ते म्हणाले, आणि तिकडं चालू लागले.